फोटोची पाठ

फोटोला जसे तोंड असते, तशी पाठही असते. आजच्या मुलांना हे सांगितले म्हणजे ती आमच्याकडे मोठ्या कौतुकाने पाहतात; कारण त्यांचे फोटो काचेवर उजळतात आणि काचेच्या मागे पाहण्यासारखे काहीच नसते. आमच्या लहानपणी मात्र फोटो हाती आला, की प्रथम त्याचे तोंड पाहावयाचे आणि लागलीच तो उलटा करावयाचा, अशी आमची रीत होती. मागे कोणीतरी बारीक अक्षरांत लिहिलेले असे : ‘डावीकडून नाना, धाकटी काकू, मांडीवर बाळ. अमळनेर, वैशाख.’ एवढ्या एका ओळीने समोरची अनोळखी मंडळी आमची होऊन जात. ती ओळ नसती, तर तीच मंडळी म्हणजे कोणा परक्याच्या लग्नातील पाहुणे!

या पाठीची आठवण आम्हांला गेल्या वर्षी फार तीव्रतेने झाली. निमित्त झाले ते आमच्या घरातील ४१,००० फोटोंचे बिऱ्हाड एका भल्या मोठ्या सॉफ्टवेअरमधून दुसऱ्या लहानशा, साध्या सॉफ्टवेअरमध्ये हलविण्याचे. ‘बिऱ्हाड’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजिला आहे. ज्यांनी आयुष्यात दोन-चार वेळा घर बदलले आहे त्यांना ठाऊक असेल, की पलंग, कपाटे, पिंपे सारे काही सुखरूप पोहोचते आणि नेमकी एखादी किल्ली जुन्या घराच्या खुंटीला लटकत राहते.

आमचे घराणे मूळचे खानदेशातील. सुरतेहून नंदुरबार, अमळनेर, जळगाव करीत भुसावळला जाणाऱ्या लोहमार्गाने जी असंख्य मराठी कुटुंबे पोटापाण्यासाठी या कापडाच्या नगरीत आणून सोडली, त्यांपैकीच आमचे एक. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांतून फिरताना आजही खानदेशी बोली कानी पडते. आमचे वडील येथे आले तेव्हा त्यांच्यासमवेत एक वळकटी, एक पितळी तांब्या आणि एक पत्र्याची पेटी होती. पुढे त्या पेटीत घरातील फोटो साठत गेले. प्रत्येक फोटोच्या मागे आईने नावे लिहिली होती.

२००६ च्या ऑगस्टात उकाई धरणातून सोडलेले पाणी घेऊन तापी पात्र सोडून शहरात शिरली आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. अडाजणला आमचे बिऱ्हाड तळमजल्यावर होते. वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांनी आम्हांस आसरा दिला. आम्ही धान्याचे डबे वर नेले, देव नेले, मुलांची पुस्तके नेली. फोटोंची पेटी पलंगाखालीच राहिली. पाणी ओसरल्यावर पेटी उघडून पाहतो, तो आत चिखलाने माखलेली एक वीट! फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्याने फुगतो आणि सुकताना शेजारच्या फोटोला घट्ट चिकटून बसतो. असे फोटो सुकू न देता स्वच्छ थंड पाण्यात हलक्या हाताने सोडवावे आणि मग सावलीत वाळवावे, हे आम्हांस पुढे कळले. त्या दिवशी आम्ही ती वीट गच्चीवर उन्हात नेऊन ठेवली. आमच्या हाताने झालेले ते नुकसान पुराने केलेल्या नुकसानीहून मोठे होते.

जे थोडे फोटो सुटे झाले, त्यांच्या पाठींवर एक गोष्ट दिसली. शाईने लिहिलेली नावे विरघळून निळे डाग उरले होते; शिसपेन्सिलीने लिहिलेली मात्र जशीच्या तशी होती. आई म्हणे, पेन्सिलीचे अक्षर पोरकट दिसते. म्हणून तिने बहुतेक सारी नावे शाईने लिहिली होती.

मग अमळनेर, धुळे आणि नंदुरबार येथील नातलग आमच्या मदतीस आले. पूर्वी लग्नात फोटो निघाला, की त्याच्या चार-पाच प्रती काढून त्या चार-पाच घरी धाडण्याची चाल होती. त्या प्रती आम्ही एकेक करून मागवून घेतल्या, २००७ साली एक स्कॅनर विकत आणला आणि सुमारे सहाशे जुने फोटो संगणकात उतरविले. पण या प्रतींच्या पाठी बहुधा कोऱ्याच होत्या. ज्यांच्या घरी त्या गेल्या होत्या, त्यांना फोटोतील माणसे नित्य भेटत. नावे लिहून ठेवण्याची गरज त्यांना कशी वाटावी?

या सहाशे फोटोंच्या जोडीला कॅमेऱ्याचे फोटो आले, मग मोबाइलचे आले आणि पाहता पाहता संख्या हजारांत गेली. तेव्हा एका छायाचित्रकार स्नेह्याच्या सल्ल्याने आम्ही व्यावसायिकांसाठी असलेले एक मोठे सॉफ्टवेअर वर्षाची वर्गणी भरून घेतले. त्याचे वैभव काय वर्णावे! फोटोंना एक ते पाच तारे द्यावेत, लाल-पिवळ्या खुणा कराव्यात, सावली उजळावी, आपोआप भरणारे अल्बम रचावेत. यांतील शंभरातील पाच सोयी आमच्या उपयोगाच्या होत्या. दोन कप चहासाठी आम्ही लग्नघरातील भट्टी पेटविली होती म्हणा ना! पण माणसाला मोठ्या यंत्रापुढे बसले की आपणही मोठे झाल्यासारखे वाटते. घरातील इतर मंडळींना ते सॉफ्टवेअर मुळीच कळत नसे, आणि खरे सांगावयाचे तर, याचे आम्हांस दुःख होण्याऐवजी थोडा अभिमानच वाटे.

त्याच सुमारास, २०१७ च्या हिवाळ्यात, अमळनेरच्या आमच्या आत्याबाई दोन महिने आमच्याकडे राहावयास आल्या. सुरतेत तेव्हा पोंकाचे, म्हणजे आपल्या हुरड्याचे, दिवस होते. रोज दुपारी हुरड्याची वाटी घेऊन त्या आमच्याशेजारी खुर्ची ओढून बसत आणि आम्ही एकेक जुना फोटो पडद्यावर मोठा करून दाखवीत असू. फोटोतील एका नऊवारीतल्या बाईकडे बोट करून त्या प्रथम नुसत्याच हसल्या. मग म्हणाल्या, ‘हाई मनी माय शे.’ आमची आजी आम्ही त्या दिवशी प्रथमच तरुण पाहिली. एकेका फोटोस अर्धा अर्धा तास लागे, कारण नाव सांगितले की मागोमाग त्या माणसाची हकीकत येई. कोण कोणाशी बोलत नसे, कोणाच्या अंगावरचे लुगडे कोणाचे होते, हे सारे त्यांना स्मरत होते. आम्ही नाव, नाते, गाव आणि साल टाइप करीत गेलो. दोन महिन्यांत सहाशेपैकी बहुतेक फोटोंतील माणसांना नावे मिळाली. थोडे राहिले. ‘पुढल्या वर्षी पाहू,’ असे आम्हीच म्हणालो. ते पुढले वर्ष काही आलेच नाही. गुडघ्यांमुळे आत्याबाईंचा प्रवास थांबला आणि आमच्याही आळसाला सबब मिळाली.

गेल्या वर्षी आत्याबाई वारल्या. आम्ही अमळनेरला गेलो होतो. दहाव्याच्या आदल्या दिवशी आतेभाऊ म्हणाले, ‘तुमच्याकडे आईचे जुने फोटो आहेत ना? एक चांगलासा मागवून घ्या. मोठा करून हार घालू.’ आम्ही मोठ्या दिमाखात सुरतेस घरी फोन लावला. तिकडे आमच्या सौभाग्यवती, धाकटे बंधू आणि याच शाळेत नववीत शिकणारी आमची पुतणी अशी तिघे संगणकाभोवती जमली. पण कोणती कळ दाबावी, आत्याबाई कोणत्या अल्बमात, हे तिघांनाही कळेना. आणि फोनवरून आम्हांस सांगता येईना. दोन तासांनी आम्ही नाद सोडला. शेवटी कोणाच्या तरी मोबाइलमधील लग्नाच्या समूहफोटोतून आत्याबाईंचा चेहरा कापून मोठा केला. तो धूसर आला. त्याच फोटोला हार घालण्यात आला आणि आम्ही मान खाली घालून त्यापुढे बसलो. ४१,००० फोटोंचा धनी हा असा रिकाम्या हातांनी बसला होता.

परतीच्या गाडीतच आम्ही निश्चय केला, की घरातील कोणासही उघडता येईल अशाच जागी हे फोटो ठेवावयाचे. चौकशीअंती एक साधे सॉफ्टवेअर मिळाले. ते संगणकातील फोल्डर जसेच्या तसे दाखविते, नाव टाइप केले की शोधून देते, आणि याहून अधिक फारसे काही करीत नाही. दिवाळीच्या सुटीत आम्ही नवा संगणक घेतला, सर्व फोटो त्यावर उतरवून घेतले आणि जुना संगणक जुने सामान घेणाऱ्या माणसास देऊन टाकण्याचे ठरविले. त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता बोलाविलेही होते.

रात्री घरातील सर्वांना बोलावून नव्या व्यवस्थेचे उद्घाटन झाले. पुतणीने शोधाच्या चौकटीत ‘आत्याबाई’ असे टाइप केले. पडदा कोरा राहिला. तिने ‘आजी’ टाइप केले, ‘अमळनेर’ टाइप केले. काही नाही. फोटो सारे आले होते. पण एकावरही नाव नव्हते.

‘काका, नावं कुठे गेली?’ ती म्हणाली.

आमच्या छातीत धस्स झाले. हुरड्याच्या त्या दोन महिन्यांतील प्रत्येक दुपार आमच्या डोळ्यांपुढून गेली. पुन्हा विचारावयाचे म्हटले, तर सांगणारे माणूस आता राहिले नव्हते.

काय घडले होते ते येथे सांगितले पाहिजे, कारण ते अनेकांच्या उपयोगी पडेल. फोटोंची माहिती संगणकात दोन ठिकाणी राहू शकते. एक, सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या वहीत. दुकानदार जशी खतावणी ठेवतो आणि तीत ‘अमुक पानावरील अमुक फोटो म्हणजे आत्याबाई’ अशी नोंद करतो, तसे ते असते. दुसरे ठिकाण म्हणजे खुद्द फोटोच्या फाइलमध्ये, चित्राला लागूनच असलेली थोडी जागा. हीच आजच्या फोटोची पाठ! फोटोची फाइल जशीच्या तशी हलविली, म्हणजे ही पाठ तिच्याबरोबर जाते. खतावणी मात्र दुकानातच राहते. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरने नावे खतावणीत लिहिली होती. ती फोटोच्या पाठीवरही लिहावीत, असा हुकूम देण्याची सोय त्यात होती आणि माहितीपुस्तिकेत तसे स्पष्ट छापलेही होते. ते पान आम्ही कधी उघडले नव्हते, एवढाच काय तो दोष, आणि तो सर्वस्वी आमचा.

त्या रात्री आम्ही व पुतणी जुना संगणक पुन्हा सुरू करून बसलो. हुकूम सापडला. सर्व फोटोंवर एकदम तो चालविण्यापूर्वी एकाच फोटोवर तो चालवून पाहावा, असे पुतणीने सुचविले. आणि बरे झाले सुचविले. कारण त्या एका फोटोच्या पाठीवर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटली! याचेही कारण आहे. फोटोसोबत मजकूर लिहिण्याची एक जुनी पद्धत वृत्तसंस्थांनी आपल्या सोयीसाठी ठरविली होती. तीत इंग्रजी अक्षरे बिनबोभाट बसतात, पण देवनागरीची नीट व्यवस्था लागेलच असे नाही. पुढे २००१ साली अडोबी या कंपनीने एक्सएमपी नावाची नवी पद्धत आणली. ती युनिकोडवर आधारलेली असल्याने तीत मराठीही सुखाने नांदते. दोन्ही पर्याय आमच्यापुढे होते. दुसरा निवडताच फोटोच्या पाठीवर शुद्ध देवनागरीत अक्षरे उमटली : ‘आजी, आत्याबाईंची माय.’ मग आम्ही सर्व फोटोंवर तो हुकूम चालविला. काम संपण्यास पहाटेचे चार वाजले. सकाळी नऊला आलेल्या गृहस्थाला चहा पाजून आम्ही महिन्याने यावयास सांगितले. नव्या घरातील नळाला पाणी येते की नाही हे पाहिल्याखेरीज जुन्या घराची किल्ली परत करू नये, हे शहाणपण आम्हांस थोडे उशिरा का होईना, सुचले.

त्या महिन्यात पुष्कळ कामे झाली. पहिले काम तारखांचे. कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये तारीख आपोआप लिहितो. ‘एक्झिफ’ नावाच्या, जपानमध्ये १९९५ साली ठरलेल्या रीतीमुळे हे साधते. पण स्कॅनर बिचारा फोटो कधी काढला हे काय जाणे? त्यामुळे आत्याबाईंचे १९५८ मधील लग्न नव्या सॉफ्टवेअरने २००७ च्या गणेशोत्सवाशेजारी नेऊन बसविले होते! पुतणीने सहाशे फोटोंच्या तारखा एकेक करून सुधारल्या. जेथे साल नक्की ठाऊक नव्हते, तेथे ‘अंदाजे’ असे प्रामाणिकपणे लिहिले. दुसरे काम छाटणीचे. एकाच मोदकाचे अकरा फोटो काय करावयाचे? ४१,००० चे २६,००० झाले, आणि घरातील एकासही काही गेल्याचे जाणवले नाही. आमचे तारे, आमच्या लाल-पिवळ्या खुणा, आपोआप भरणारे अल्बम हे सारे जुन्या घरीच राहिले. दोन दिवस हळहळ वाटली. तिसऱ्या दिवशी आम्ही ती विसरलो.

तिसरे काम प्रतींचे. जाणकार सांगतात, की मोलाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या जागी असावी. हा नियम वाचून आम्हांस हसू आले. लग्नाच्या फोटोच्या प्रती गावोगाव धाडणाऱ्या आमच्या आजोबांच्या पिढीला तो कोणी न शिकविताच ठाऊक होता. म्हणून तर पुरानंतर आमच्या घराण्याला पुन्हा चेहरे मिळाले. आता एक हार्ड डिस्क अमळनेरला आतेभावांच्या कपाटात आहे. तापीला कितीही पूर आला, तरी तिचे पाणी तेथवर पोहोचणार नाही.

नवे सॉफ्टवेअर तरी कायमचे आहे काय? मुळीच नाही. गूगलने २००४ साली विकत घेतलेले पिकासा एके काळी घरोघरच्या संगणकांवर होते. मार्च २०१६ मध्ये त्याची देखभाल थांबली. ॲपल कंपनीचे ॲपर्चर नावाचे नामांकित सॉफ्टवेअर २०१५ साली विक्रीतून गेले. सॉफ्टवेअर हे भाड्याचे घर आहे. आज ना उद्या ते सोडावेच लागते. तेव्हा नावे घराच्या भिंतीवर लिहून ठेवू नयेत, फोटोच्या पाठीवर लिहावीत. मोबाइलवर फोटो काढणाऱ्या आमच्या बालमित्रांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे आहे. आणि घरात वडीलधारे माणूस असेल, तर एखाद्या दुपारी त्यांच्यापाशी जुने फोटो घेऊन बसावे. हे काम पुढल्या वर्षावर टाकू नये.

कारण एवढे सारे करूनही एक उणीव राहून गेली आहे. अमळनेरच्या फोटोंत एक मुलगी पुन्हा पुन्हा दिसते. शाळेच्या पायरीवर ती आत्याबाईंच्या शेजारी आहे, लग्नात त्यांच्या मागे उभी आहे, एका फोटोत दोघी एकाच झोक्यावर बसून मनसोक्त हसत आहेत. बहीण नव्हे, एवढे आतेभाऊ सांगतात; त्यापुढे कोणासच काही ठाऊक नाही. हे नेमके त्या उरलेल्या थोड्या फोटोंपैकी, जे आम्ही ‘पुढल्या वर्षी पाहू’ म्हणून बाजूस ठेवले होते.

त्या फोटोंच्या पाठीवर काय लिहावे, असे पुतणीने आम्हांस विचारले. आम्ही काही बोललो नाही. जरा वेळाने तिने आपल्याच मनाने टाइप केले : ‘आत्याबाई आणि त्यांची मैत्रीण. अमळनेर. नाव विचारायचे राहिले.’

ती ओळ आम्ही तशीच ठेविली आहे.